सांगता येत नाही

जेलरोडला, दुपारी अडीचला, बेल वाजली.
दारात घोलप आडनावाची मुलगी, मखमलाबादची,
गळ्यात ओळखपत्र, हातात टॅब.
शेजारच्या देशाबद्दल काही प्रश्न, म्हणाली, पाचच मिनिटं.
मी म्हटलं, शेजारी बोराडे आहेत, त्यांच्याबद्दल विचार,
पार्किंगवरून सहा वर्षं अबोला आहे.
हसली नाही.
दिवसाला चाळीस घरं करायची असतात तिला.

विश्वास ठेवता येईल का त्यांच्यावर?
पर्याय पाच, पूर्ण सहमतपासून सुरू.
तेवढ्यात देवळालीच्या रेंजवर तोफ झाली.
खिडकीच्या काचा थरथरल्या,
फ्रिजवरचा रिकामा डबा बोटभर सरकला.
ती दचकली.
आमची पोरं या आवाजातच झोपायला शिकली.

मी प्रेसात होतो, एकतीस वर्षं.
पासपोर्टची शिलाई बघायची, नंबर जुळवायचा,
कोऱ्या पानांवरून अंगठा फिरवायचा.
कुठल्या पानावर पुढे कुठला देश उमटला
ते अंगठ्याला कधी कळलं नाही.

वडील त्याआधी नोटांवर.
सांगायचे, फाळणी झाली तरी त्यांचा छापखाना उभा राहायचा होता,
मग इथेच, नाशिकरोडला,
आपल्याच नोटेच्या पांढऱ्या जागेत
त्यांच्या सरकारचं नाव छापलं.
"शाई कमी घातली नाही. अक्षर वाकडं जाऊ दिलं नाही."
एवढं बोलून भाकरी मोडायचे.
त्यांना कुणी पाच पर्याय दिले नव्हते.

कॅम्पातल्या सतीबाई मोटवाणी
भर बाजारात त्यांना शिव्या घालायच्या, सिंधीतून, मग मराठीतून,
कुणाचं काही राहू नये म्हणून.
आणि पिशवीतून पासपोर्ट काढून मला दाखवायच्या :
हे पान बघ, इथे शिक्का बसणार.
शिकारपूरला घरामागे कालवा होता,
त्यात पाणी आहे का तेवढं बघून येते.
मुदत संपली, नवा काढला. त्याचीही संपली.
पान कोरंच. शिलाई मात्र पक्की होती, मी ओढून पाहिली.

काका, पुढचा प्रश्न. युद्ध हाच उपाय आहे?

आता खोटं काय बोलू.
मुक्तिधामच्या कट्ट्यावर, बातम्या पेटल्या त्या आठवड्यात,
मीच हात उडवून म्हणालो होतो,
लावा एकदाचा सोक्षमोक्ष.
चहा कुणीतरी पाजला. चांगला झाला होता.
त्याच रात्री पाणी प्यायला उठलो तर
बोराड्यांच्या स्वयंपाकघरात दिवा.
त्यांचा प्रणित तोफखान्यात, सुट्टी अर्धी टाकून गेलेला.
ती बाई ओट्याशी उभी होती,
काही शिजत नव्हतं, काही चिरत नव्हती.
त्यांच्या दारापर्यंत गेलो मी.
बेलवर बोट ठेवलं, दाबलं नाही.
सहा वर्षं म्हणजे थोडी नाहीत.

शेवटचा, काका.
तुमच्या हयातीत शांतता होईल असं वाटतं?

एकाहत्तर चालू आहे मला.
म्हटलं, सांगता येत नाही.
तिनं टकन बोट टेकवलं, पाचवा पर्याय तोच होता.
मला म्हणायचं होतं ते वेगळं :
कट्ट्यावर सांगता येत नाही,
घरात पोरांसमोर सांगता येत नाही,
आणि तुला, बाळ, तू टॅब बंद केलास तरच.

मग तिनं बोराड्यांची बेल वाजवली.
भिंतीपलीकडून प्रश्न तेच, त्याच क्रमानं.
एका प्रश्नाला बाई इतकी गप्प राहिली
की मला वाटलं मुलगी निघून गेली.
उत्तर काय दिलं ते ऐकू आलं नाही.
पुन्हा तोफ झाली होती.

रात्री खाली उतरून
मी माझी स्कूटर हातभर अलीकडे घेतली.
अंधार होता, कुणी पाहिलं नसावं.
सकाळी गॅलरीतून वाकून बघितलं.
त्यांची गाडी होती तिथेच.
मधली जागा तेवढी झाडलेली दिसली,
पण झाडणारी बाई रोजच येते.